कावासाकी निंजा १०००एसएक्स मोटरसायकलसाठी नवे टायर : एप्रिल ते ऑक्टोबर २०२४ च्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२४ (ओडोमीटर ९,६४०)

पुण्याहून साताऱ्याला जाताना आज खंबाटकी घाटाच्या चढावर अवकाळी पावसाची एक सर येऊन गेली. रस्ता पुरता भिजलाही नव्हता. नुसती धूळ ओली होऊन चिकट झाली होती आणि रस्ता सर्वाधिक निसरडा असतो तो नेमका अशाच वेळी, हे ठाऊक असल्यामुळे मी बेताने चालवत होतो. तरीही एका डाव्या वळणातून बाहेर पडताना मागचे चाक लेनच्या पांढऱ्या पट्ट्यावर आले आणि चार बोटे बाहेर सरकले. चाक घसरू लागले की इंजिनाचा जोर कमी करणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लुकलुकला आणि चाक पुन्हा ओळीत आले. डबलसीट बसलेल्या पत्नीने लगेच विचारले, "अहो, गाडी सरकली का?" मी "हो" म्हणालो आणि घाटमाथ्यावर चहासाठी थांबलो.

थांबल्यावर मागच्या टायरवरून हात फिरवला. मधला भाग हाताला सपाट लागत होता, कडेचा भाग मात्र अजून गोल होता. गाडी २०२१ ची, टायर कंपनीतून आलेले, म्हणजे ब्रिजस्टोन बॅटलॅक्स हायपरस्पोर्ट एस२२. पावसाळ्याच्या आत दोन्ही टायर बदलायचे हे तिथेच ठरले. कोणते घ्यायचे हे ठरवताना ऐकीव मतांवर विसंबायचे नाही, आधी मोजायचे आणि मग निवडायचे, यासाठी या नोंदी सुरू करत आहे.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा

सुट्टी असल्यामुळे सकाळी गुढी उभारून झाल्यावर गाडी पॅडॉक स्टँडवर घेतली आणि टायरवरच्या खाचांची खोली मोजायच्या डिजिटल मापकाने दोन्ही टायर नीट मोजले. प्रत्येक ठिकाणी चाकाच्या घेरावर तीन जागी माप घेऊन सरासरी काढली.

मागच्या टायरची खोली मध्यावर १.७ मिलिमीटर भरली. मध्य आणि कड यांच्या मधोमध ३.१, उजव्या खांद्यावर (म्हणजे कडेजवळच्या भागावर) ४.२ आणि डाव्या खांद्यावर ४.५ मिलिमीटर. पुढच्या टायरला मध्यावर २.६ आणि दोन्ही बाजूंना २.२ मिलिमीटर. कावासाकीच्या मालकपुस्तिकेनुसार पुढच्या टायरची किमान खोली १ मिलिमीटर आहे. मागच्यासाठी ताशी १३० किलोमीटरच्या आतल्या वापराला २ मिलिमीटर आणि त्याहून वेगाने चालवणाऱ्यांना ३ मिलिमीटर. म्हणजे मागच्या टायरने मर्यादा कधीच ओलांडली होती आणि ते मला खंबाटकीत कळले.

या आकड्यांतून दोन गोष्टी वाचता येतात. मागचा टायर मध्यावरच झिजला, कारण बहुतेक किलोमीटर सरळ रस्त्यावर झाले आहेत आणि सरळ चालताना जमिनीला टेकते ती मधली दोन-तीन बोटांची पट्टीच. टायर असा चपटा पडला की गाडी वळणात आडवी करताना आधी अडल्यासारखी होते आणि सपाट भागाची कड ओलांडताच एकदम खाली पडते. गेले दोन महिने वळणात मला जी अढी जाणवत होती आणि जी मी माझ्या चालवण्याची चूक समजत होतो, ती हीच होती. पुढचा टायर याउलट बाजूंनी जास्त झिजला आहे, कारण घाटात ब्रेकचा आणि वळण्याचा सारा ताण तोच घेतो.

उजवा खांदा डाव्यापेक्षा ०.३ मिलिमीटरने जास्त झिजला, याचे कारण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो यात आहे. उजवे वळण बाहेरच्या कडेने घ्यावे लागते, त्यामुळे त्याचा कंस लांब पडतो आणि टायर उजव्या अंगावर जास्त वेळ राहतो. फरक लहान आहे, पण तीन ठिकाणी मोजूनही तसाच आला.

टायर नवे असताना खोली मोजून ठेवायला हवी होती. ते माप नसल्यामुळे झीज नेमक्या कोणत्या गतीने झाली हे आता सांगता येत नाही. नव्या टायरच्या बाबतीत पहिले माप बसवतानाच घ्यायचे.

१४ एप्रिल २०२४

प्रत्येक मोठ्या फेरीनंतर मी वहीत अंतर आणि रस्ता लिहितो. आज ती वही घेऊन बसलो आणि ९,६४० किलोमीटरची फोड केली. चौपदरी महामार्गावर सुमारे ५,३०० किलोमीटर, घाट आणि जिल्हा मार्गांवर २,२९० आणि पुणे शहरात २,०५० किलोमीटर झाले आहेत. यांपैकी ओल्या रस्त्यावरचे अंतर १,७४० किलोमीटर आहे, म्हणजे साधारण अठरा टक्के. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे मुंबईच्या फेऱ्याही जुन्या महामार्गाने आणि खंडाळ्याच्या घाटानेच झाल्या आहेत.

ही फोड समोर ठेवली की गरज आपोआप स्पष्ट होते. निम्म्याहून अधिक वेळ गाडी सरळ चालते, म्हणून टायरच्या मध्यभागी टिकाऊ रबर हवे. चौथा हिस्सा घाटात जातो, तेव्हा खांद्यावर पकड देणारे मऊ रबर हवे. आणि ओल्या रस्त्यावरचे किलोमीटर संख्येने कमी असले, तरी सगळा धोका त्यांतच साठला आहे. एस२२ हा उत्तम टायर आहे आणि दोष त्याचा नाही. तो हायपरस्पोर्ट वर्गातला, वळणात जोरात चालवणाऱ्यासाठी घडवलेला आहे. माझे चालवणे त्या जातीचे नाही. मला लांबच्या प्रवासासाठी घडवलेला, स्पोर्ट टूरिंग वर्गातला टायर हवा.

ओल्याचा विचार करताना एक मुद्दा माझ्या मनात पक्का बसला आहे. बहुतेक माणसे नव्या टायरच्या पकडीवरून निवड करतात. मी मे महिन्यात टायर बसवणार आणि सप्टेंबरच्या पावसात तोच टायर चार-पाच हजार किलोमीटर चाललेला असणार. म्हणून नवा टायर ओल्यात कसा आहे यापेक्षा अर्धा झिजलेला टायर ओल्यात कसा आहे, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे. निवडीची कसोटी हीच धरायची.

२१ एप्रिल २०२४

आज मापे आणि खुणा तपासल्या. पुढच्या टायरवर १२०/७० झेडआर १७ एम/सी (५८डब्ल्यू) आणि मागच्यावर १९०/५० झेडआर १७ एम/सी (७३डब्ल्यू) असे कोरलेले आहे. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये आणि दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची सांगतो. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. भारांकाच्या तक्त्यात ५८ म्हणजे २३६ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो. कंसातला डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची क्षमता दाखवतो. तो वेग मला गाठायचा नाही. पण त्या क्षमतेसाठी टायरची जी आतली बांधणी करावी लागते, ती उन्हाळ्यात भरल्या वजनाने तासन्‌तास चालताना उपयोगी पडते, म्हणून खालच्या वेगांकाचा स्वस्त टायर घ्यायचा नाही.

वजनाचा हिशेबही केला. गाडी २३८ किलो, मी ७८, पत्नी ६० आणि दोन्ही पेट्यांत मिळून सामान २० किलो धरले, तर एकूण ३९६ किलो होतात. दोन्ही टायरची मिळून क्षमता ६०१ किलो आहे, त्यामुळे साधा स्पोर्ट टूरिंग टायर पुरेसा आहे. काही कंपन्या याच टायरची अधिक कडक सांगाड्याची आवृत्ती बनवतात. मिशलिन तिला जीटी म्हणते. ती याहून बऱ्याच जड टूरिंग गाड्यांसाठी असते.

आता १९०/५५ चा प्रश्न. ही गाडी वापरणारे अनेकजण मागे १९०/५० ऐवजी १९०/५५ घालतात आणि त्यामुळे गाडी वळणात हलकी पडते असे सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण मागची बाजू उंच होते आणि टायरचा आकार अधिक टोकदार होतो. गणित करून पाहिले. १९०/५० ची बाजू ९५ मिलिमीटर उंच, तर १९०/५५ ची १०४.५ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण चाकाचा व्यास ६२२ वरून ६४१ मिलिमीटरच्या आसपास जातो आणि घेर तीन टक्क्यांनी वाढतो. या गाडीचे ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या आणि मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करून घसरण ओळखते. त्या तुलनेचा पाया मी तीन टक्क्यांनी हलवला, तर खंबाटकीत ज्या दिव्याने मला सावध केले त्याच्या हिशेबात मी स्वतःहून फरक पाडल्यासारखे होईल. वळणात मिळणाऱ्या हलकेपणापेक्षा मला ते जपणे महत्त्वाचे वाटते. १९०/५० च ठेवायचा.

पुढचा टायर अजून चालण्याजोगा असला, तरी तोही बदलायचा. पुढे बाजूंनी झिजलेला हायपरस्पोर्ट आणि मागे नवा गोल टूरिंग टायर अशी जोडी वळणात एका तालात चालणार नाही.

२८ एप्रिल २०२४

गेला आठवडाभर उत्पादकांची माहितीपत्रके वाचली आणि ओळखीच्या तीन-चार अनुभवी चालकांशी बोललो. निवडीत आलेले टायर असे : मिशलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेट्झेलर रोडटेक ०१ एसई आणि कॉन्टिनेंटल रोडअटॅक ४. मदुराईच्या टीव्हीएस श्रीचक्र कंपनीचा युरोग्रिप रोडहाउंड हा आपल्याकडचा स्पोर्ट टूरिंग रेडियलही यादीत असावा अशी माझी मनापासून इच्छा होती, परंतु मी विचारलेल्या दुकानांत माझ्या मापाचा मागचा टायर मिळाला नाही.

या वर्गाची दोन तंत्रे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे दुहेरी रबर. एकाच टायरच्या मध्यावर टणक आणि खांद्यावर मऊ रबर वापरले की टिकाऊपणा आणि पकड या परस्परविरोधी गरजा एकाच टायरमध्ये भागतात. मिशलिनने २००७ च्या पायलट रोड २ मध्ये टूरिंगच्या टायरला हे तंत्र आणले आणि त्यानंतर ते या वर्गात सर्वत्र रुजले. रोड ६ च्या मागच्या टायरमध्ये खांद्याच्या मऊ रबराखालीही टणक रबराचा थर दिलेला आहे, त्यामुळे वळणात जोर लावताना मऊ थर डळमळत नाही. कॉन्टिनेंटलची वाट वेगळी आहे. ती एकच रबर घेते आणि भट्टीतल्या तापमानावर नियंत्रण ठेवून मध्य टणक आणि कडा मऊ ठेवते, त्यामुळे दोन रबरांचा सांधा कोठेच येत नाही. तांत्रिकदृष्ट्या मला हा उपाय फार देखणा वाटतो.

दुसरे तंत्र ओल्या रस्त्याचे. रबरात सिलिका मिसळल्याने ते कमी तापमानालाही लवचीक राहते आणि ओल्या डांबराच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला बिलगते. मोठ्या खाचा साचलेले पाणी बाहेर टाकतात. त्यांनंतरही रस्त्यावर पाण्याचा जो पातळ थर उरतो, तो फोडायला केसासारखे अरुंद काप लागतात. मिशलिनने २०११ च्या पायलट रोड ३ मध्ये असे काप ठळकपणे आणले. अडचण अशी, की टायर झिजू लागला की खाचा उथळ होतात आणि पाणी मावायला जागा उरत नाही. २०१८ च्या रोड ५ मध्ये कंपनीने यावर उपाय काढला. काप वरच्या बाजूला अरुंद आणि आत रुंद केले, म्हणजे झीज होत जाईल तशी आतली मोठी पोकळी उघडी पडते. पाच हजारांहून अधिक किलोमीटर चाललेला रोड ५ ओल्या रस्त्यावर नव्या पायलट रोड ४ इतक्याच अंतरात थांबतो, असा कंपनीचा दावा होता. २०२२ च्या रोड ६ मध्ये हीच कल्पना पुढे नेली असून रोड ५ च्या तुलनेत ओल्यात १५ टक्के अधिक पकड आणि १० टक्के अधिक आयुष्य असे कंपनी सांगते.

दावे कंपनीचे आहेत हे मी विसरत नाही. पण माझी कसोटी अर्ध्या झिजेनंतरच्या पकडीची आहे आणि नेमक्या त्या गोष्टीसाठी टायरची रचनाच बदलल्याचे या चौघांत मला येथे सर्वांत स्पष्ट दिसते. एंजल जीटी २ च्या मध्यावरच्या दोन सलग खाचा शर्यतींतल्या ओल्यासाठीच्या टायरवरून घेतल्या आहेत आणि कोरड्या घाटात तो बहुधा रोड ६ ला मागे टाकेल. महाबळेश्वरला दर रविवारी जाणाऱ्या मित्राला मी तोच सुचवीन. माझ्यासाठी रोड ६ पहिला आणि रोडटेक ०१ एसई दुसरा.

४ मे २०२४

टायर ठरला, आता तो मिळवायचा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, तेव्हापासून या मापाच्या टायरचा पुरवठा सलग राहत नाही. एखादे माप महिनाभर मिळते आणि पुढचे दोन महिने मिळत नाही. म्हणून ऐन जूनमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

पहिल्या दुकानात जोडी हजर होती आणि भावही जरा कमी सांगितला. बाजूवरच्या डीओटी ओळीतले शेवटचे चार आकडे पाहिले, तर पुढच्यावर ३०२३ आणि मागच्यावर ११२२ होते. यांतले पहिले दोन आकडे निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात. म्हणजे मागचा टायर २०२२ च्या अकराव्या आठवड्यातला, दोन वर्षांहून जुना. दोन वर्षांचा टायर नीट ठेवला असेल तर निकामी ठरत नाही, हे खरे आहे. पण तो दुकानाच्या दर्शनी भागात, दुपारच्या उन्हात उभा होता आणि त्याच्या बाजूवर हात फिरवल्यावर रबर कोरडे लागले. ऊन आणि ओझोन रबराला म्हातारे करतात. विक्रेते म्हणाले, "साहेब, तारीख कोण बघतं? माल सील आहे." मी त्यांना नम्रपणे नकार दिला.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मुंबईच्या वितरकाला माझ्यासमोर फोन लावून आधी तारखाच विचारल्या. पुढचा ४६२३ आणि मागचा ०५२४. बाजूवर आयएसआय चिन्ह असल्याचीही खात्री करून घेतली, कारण भारतात दुचाकीच्या टायरला आयएस १५६२७ या मानकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे. जोडीची किंमत बसवणुकीसह बेचाळीस हजारांच्या आसपास पडली. रक्कम मोठी आहे. दोन माणसांचा जीव रस्त्यावर ज्या दोन तळहातांएवढ्या रबरावर टेकलेला असतो, तेथे काटकसर करण्याची माझी तयारी नाही.

११ मे २०२४ (ओडोमीटर ९,९१०)

सकाळी दहाला दुकानात पोहोचलो ते दुपारी दोनला निघालो. काका स्वतः कामाला बसले होते आणि मला जवळ उभे राहू दिले.

मागचे चाक काढल्यावर त्यांनी आधी रिमची कड कपड्याने पुसून तिच्यावरून बोट फिरवत पूर्ण फेरी मारली. एका जागी बॅलन्सिंगच्या जुन्या वजनाचा चिकट गोंद उरला होता, तो रॉकेलने काढला. व्हॉल्व्ह न विचारता नवे घातले, कारण जुन्या व्हॉल्व्हचे रबर वाकवताच त्यावर बारीक भेगा दिसल्या. टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण त्यांनी मला बोट ठेवून दाखवला आणि मगच टायर मशिनवर घेतला. बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला, साबणाचे पाणी लावून हवा सोडली, तेव्हा आधी एका बाजूने आणि क्षणभराने दुसऱ्या बाजूने असे दोन ठोके ऐकू आले. त्यानंतर त्यांनी रिमलगतची बारीक रेष दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर आहे का, हे चाक फिरवून पाहिले. ती रेष एका जागी जरी आत गेली, तरी टायर पूर्ण बसलेला नसतो.

बॅलन्सिंगसाठी चाक आडव्या दांड्यावर मोकळे फिरवले. जड बाजू तीनदा त्याच जागी खाली येऊन थांबली, तेव्हा समोरच्या बाजूला मागे २० ग्रॅम आणि पुढे १० ग्रॅम वजन लावले. चाके बसवताना ॲक्सलचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळून घेतले आणि साखळीची ओळ दोन्ही बाजूंच्या खुणांवर जुळवून तिचा ताण पुन्हा तपासला.

दुकानातच पहिले माप घेतले. मागचा टायर मध्यावर ६.४ मिलिमीटर, पुढचा ४.३. हवा पुस्तिकेप्रमाणे, पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय. नायट्रोजन भरू का, असे मुलाने विचारले. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. हवा दर आठवड्याला तपासण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे, म्हणून साधीच हवा भरून घेतली.

१२ मे २०२४

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघाल्यासारखा गुळगुळीत असतो आणि तो खरवडला जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही. पुस्तिका पहिले १६० किलोमीटर सांभाळून चालवायला सांगते. पहाटे लवासाच्या दिशेने निघून, वळणांत कोन हळूहळू वाढवत १७५ किलोमीटर केले. घरी आल्यावर दोन्ही खांद्यांवर एक बोटभर चकाकी उरली होती. ती तशीच राहिली तरी चालेल. गाडी आता वळणात एकसंध झुकते, ती अढी पूर्ण गेली आहे.

१९ मे २०२४

उन्हाचा अनुभव घेण्यासाठी मुद्दाम सोलापूर रस्ता निवडला. सकाळी निघताना, गाडी रात्रभर उभी असताना मागे ४२ पीएसआय होती. टेंभुर्णीला पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि डांबर तापू लागले होते. तिथे मोजली तर ४७. पंपावरचा मुलगा हवा कमी करायला पुढे आला, त्याला थांबवले. पुस्तिकेतला आकडा थंड टायरचा असतो, आणि चालण्याने व उन्हाने वाढणारी हवा त्यात आधीच गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरची हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मर्यादेच्या खाली आलेली असते. कमी हवेचा टायर बाजूंनी जास्त वाकतो आणि त्यामुळे अधिकच तापतो.

१६ जून २०२४

पाऊस सुरू झाला. ताम्हिणी घाटातून माणगावपर्यंत जाऊन आलो. मुळशीच्या पुढे, मागेपुढे कोणी नाही हे पाहून एका सरळ सपाट ओल्या टप्प्यावर ताशी ५० वरून तीनदा पूर्ण ब्रेक लावले. ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारे एबीएस फक्त शेवटच्या क्षणी, जवळजवळ थांबताना चालू झाले. जुन्या टायरचे अशा चाचणीचे माप माझ्याकडे नाही, म्हणून तुलनेचा आकडा देत नाही. हाताला मात्र फरक स्पष्ट कळला. पुढचे चाक रस्त्याला धरून आहे, हे हँडलमधून कळत राहते आणि त्यामुळे खांदे सैल राहतात.

१४ जुलै २०२४

काल आणि आज संकेश्वर, आजरा, आंबोली मार्गे सावंतवाडीला जाऊन परतलो. डबलसीट, दोन्ही पेट्या भरलेल्या. कोल्हापूरपर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता, खडी आणि चिखल होता. तेथे कोणताही रस्त्याचा टायर फारसे काही करू शकत नाही. वेग कमी ठेवणे एवढेच आपल्या हातात असते.

आंबोली घाटात धुके इतके होते की वीस फुटांपुढचे दिसत नव्हते. उतारावर एका उजव्या वळणात डोंगराच्या कडेने पाण्याचा ओहोळ लाल माती घेऊन रस्ता ओलांडत होता आणि त्याच्या काठाला हिरवट शेवाळ धरले होते. गाडी रेन मोडमध्ये, दुसरा गिअर, ब्रेक आधीच सोडलेले. पुढचे चाक मातीच्या पाण्यातून गेले, मागचे त्याच्या मागोमाग गेले आणि दिवा लागला नाही. मागून आवाज आला, "आज नाही सरकली." तीन महिन्यांपूर्वीचा तो क्षण तिच्याही लक्षात होता.

४ ऑगस्ट २०२४

सातारा रस्त्यावर मागच्या टायरमध्ये स्क्रू घुसला. मध्यभागी होता, बाजूत नव्हता, म्हणून दुरुस्ती शक्य होती. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडून छिद्रात रबराची दोरी घालून घेतली आणि पुण्यात येऊन टायर काढून आतून छत्रीच्या आकाराचा मशरूम पॅच बसवला. दोरी ही घरी पोहोचण्यापुरती सोय आहे. ती घालताना छिद्र मोठे करावे लागते आणि आतल्या तारांना पाणी लागण्याची वाट उघडी राहते. पुस्तिकेप्रमाणे दुरुस्तीनंतर पहिले चोवीस तास ताशी १०० च्या आत राहिलो.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा (ओडोमीटर १५,०२०)

पूजेसाठी गाडी धुतली आणि हार घालण्याआधी मापे घेतली. नव्या टायरवर ५,११० किलोमीटर झाले आहेत. मागचा मध्यावर ४.५ मिलिमीटर, म्हणजे १.९ मिलिमीटर झीज. पुढचा मध्यावर ३.५, बाजूंना ३.३. याच गतीने मागचा टायर २ मिलिमीटरपर्यंत यायला आणखी ६,७०० किलोमीटर लागतील, म्हणजे एकूण सुमारे ११,८००. मधला भाग किंचित सपाट होऊ लागला आहे, पण वळणात अजून जाणवत नाही. पॅचच्या जागी हवा जात नाही. साबणाचे पाणी लावून पाहिले.

मागच्या टायरवरचे काप आता डोळ्यांना दिसतील इतके रुंद झाले आहेत. एप्रिलमध्ये माहितीपत्रकात वाचलेली ती आतली पोकळी उघडी पडू लागली आहे. सप्टेंबरच्या अखेरीस वरंध घाटात मुसळधार पाऊस लागला, तेव्हा टायर साधारण ४,८०० किलोमीटर चाललेला होता आणि माझी जी कसोटी होती तिची वेळ तीच होती. वाघजाईच्या पुढच्या उतारावर तीनदा जोरात ब्रेक लावावे लागले, एकदा म्हशी आडव्या आल्या म्हणून. जूनमध्ये ताम्हिणीत हँडलमधून जे कळत होते, ते तेव्हाही तसेच कळत होते.

पुढचे माप या टायरचे आठ हजार किलोमीटर झाल्यावर घ्यायचे आहे. उजव्या आणि डाव्या खांद्यांची वेगळी नोंद आज राहिली, ती उद्या सकाळी हार काढल्यावर घेईन.